‘ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट’: सीडी रिप करताना नावं कुठे हरवतात आणि परत कशी आणायची

सीडी ड्राइव्हमध्ये घातली, रिपचं, म्हणजे सीडीवरचा आवाज संगणकावर फाइलींत उतरवण्याचं, बटण दाबलं, थोड्या वेळाने फोल्डर उघडला, तर आत ‘ट्रॅक ०१’ ते ‘ट्रॅक १४’. गायक ‘अननोन आर्टिस्ट’, अल्बम ‘अननोन अल्बम’. दोन-तीन सीडी असतील तर नावं हाताने टाइप करून विषय संपतो. माझ्यासमोर वडिलांनी जमवलेल्या एकशे ऐंशीहून जास्त सीडी होत्या. भावगीतं, नाट्यपदं, अभंग आणि ख्यालगायनाच्या मैफली. पहिल्या वीसेक सीडी रिप करताना नावं आली नाहीत की मी तीच सीडी पुन्हा रिप करायचो. त्यात कित्येक संध्याकाळी गेल्या, आणि उपयोग काहीच झाला नाही. म्हणून आधीच सांगतो: आवाज नीट उतरला असेल तर नावांसाठी सीडी पुन्हा रिप करायची गरज जवळजवळ कधीच नसते. गरज असते ती नाव नेमकं कुठे गळलं हे शोधण्याची.

सीडीवर नावं नसतातच

ऑडिओ सीडीचा आराखडा १९८० मध्ये फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवला. त्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या आणि सुरुवातीला एक अनुक्रमणिका एवढंच आहे. या अनुक्रमणिकेत किती ट्रॅक आहेत आणि प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो हे असतं. सेकंदाचे ७५ भाग करून त्या मापात ही जागा नोंदलेली असते. गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार यांच्यासाठी त्यात जागाच नव्हती.

पुढे १९९६ च्या सुमारास सीडी-टेक्स्ट नावाची सोय आली. तिच्यात नावं सीडीवरच ठेवता येतात. पण ती ऐच्छिक आहे, आणि माझ्या हातून गेलेल्या मराठी सीडींत ती क्वचितच सापडली. शिवाय काही ड्राइव्ह ती वाचतही नाहीत.

मग एखादी सीडी घातल्यावर नावं आपोआप दिसतात ती येतात कुठून? इंटरनेटवरून. सॉफ्टवेअर अनुक्रमणिका वाचतं, त्या आकड्यांवरून एक ओळखक्रमांक बनवतं आणि दूरच्या कोठाराला विचारतं, ‘असे ट्रॅक असलेली सीडी तुमच्याकडे आहे का?’ असं पहिलं मोठं कोठार म्हणजे १९९० च्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी सुरू केलेलं सीडीडीबी. त्यात माहिती भरली ती जगभरच्या श्रोत्यांनी, आपापल्या सीडींची नावं टाइप करून. पुढे ते ग्रेसनोट या व्यावसायिक कंपनीचं झालं. त्याला मुक्त पर्याय म्हणून फ्रीडीबी उभं राहिलं आणि २०२० मध्ये तेही बंद झालं. आज मुक्त कोठारांत सगळ्यात भरवशाचं म्युझिकब्रेन्झ. फ्रीडीबीचा जुना साठा जीएनयूडीबी या नावाने चालू आहे.

जुना सीडीडीबी क्रमांक फक्त आठ अंकी असतो. त्यात सीडीची एकूण लांबी सेकंदांत, ट्रॅकची संख्या आणि सुरुवातीच्या वेळांवरून काढलेली एक छोटी बेरीज एवढंच मावतं. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या सीडींचा क्रमांक एकच निघू शकतो. अभंगांची सीडी घातल्यावर एखाद्या परदेशी वाद्यवृंदाची नावं आली तर ड्राइव्ह बिघडलेला नाही, क्रमांक जुळून आला आहे. म्युझिकब्रेन्झचा क्रमांक २८ अक्षरांचा असतो आणि तो सगळ्या ट्रॅकच्या अचूक सुरुवातींवरून बनतो, म्हणून तिथे असा घोळ सहसा होत नाही.

आधी निदान: तीन ठिकाणी बघा

रिप करण्याआधी सॉफ्टवेअरच्या खिडकीत गाण्यांची यादी दिसते, तिथे नावं आहेत का ते पाहा. तिथेच ‘ट्रॅक ०१’ असेल तर शोध फसलेला आहे.

यादीत नावं दिसत होती आणि तरी फाइल कोरी निघाली, तर ती फाइल टॅग एडिटरमध्ये उघडा. टॅग म्हणजे गाण्याचं नाव, गायक वगैरे फाइलच्या आतच लिहून ठेवलेली माहिती. विंडोजवर मी एमपीथ्रीटॅग वापरतो. लिनक्सवर किडथ्री चांगलं आहे, आणि म्युझिकब्रेन्झ पिकार्ड सगळीकडे चालतं. एडिटरमध्येही रकाने रिकामे असतील तर नावं मिळाली होती, पण फाइलमध्ये लिहिली गेली नाहीत.

एडिटरमध्ये नावं आहेत, पण फोनवर, गाडीत किंवा प्लेअरमध्ये दिसत नाहीत, तर दोष वाचणाऱ्याचा आहे, फाइलचा नाही.

या तीन दोषांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. निदान न करता सेटिंग बदलत बसलं की एक दोष जातो आणि दुसरा येतो.

शोध फसला असेल तर

सगळ्यात आधी सीडी कसली आहे ते बघा. आपल्याकडे ‘१०० सदाबहार गाणी’ असं छापलेल्या डिस्क खूप विकल्या गेल्या. त्या एमपीथ्री सीडी असतात. ऑडिओ सीडीत जास्तीत जास्त ८० मिनिटांच्या आसपासचं संगीत मावतं, त्यामुळे शंभर पूर्ण गाणी असतील तर ती ऑडिओ सीडी नाहीच. अशी डिस्क रिप करायची नसते. फाइल एक्स्प्लोररमधून उघडून फाइली सरळ कॉपी करायच्या. टॅग असतील तर ते सोबत येतील. कधी सोबत गाण्यांची यादी असलेली टेक्स्ट फाइलही सापडते. ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला, तर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून ती काढली की यादी हाती येते, आणि टायपिंग वाचतं.

ऑडिओ सीडीच असेल तर सॉफ्टवेअर कुठल्या कोठाराला विचारतंय ते पाहा. दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या रिपरमध्ये, म्हणजे रिप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बहुधा फ्रीडीबीचा पत्ता असतो. तो दरवाजाच आता बंद आहे, म्हणून प्रत्येक सीडीला ‘सापडली नाही’ हेच उत्तर येतं. सगळ्याच सीडींना, अगदी गाजलेल्या इंग्रजी अल्बमलाही, हे उत्तर येत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती बसवा, सेटिंगमध्ये मेटाडेटा किंवा सीडीडीबी या नावाखालचा पत्ता बघा आणि म्युझिकब्रेन्झ किंवा जीएनयूडीबी निवडा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा रिपर वापरणाऱ्यांनी त्यातला सीयूईटूल्सचा प्लगिन निवडावा. तो एकाच वेळी अनेक कोठारांना विचारतो.

मग हीच सीडी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून बघा. मॅकवरचं ॲपल म्युझिक आणि आधीचं आयट्यून्स ग्रेसनोटला विचारतात, पिकार्ड म्युझिकब्रेन्झला. एका ठिकाणी नसलेली मराठी सीडी दुसरीकडे असू शकते, कारण प्रत्येक कोठार वेगवेगळ्या लोकांनी भरलंय. नावं एका सॉफ्टवेअरमध्ये मिळाली आणि रिप दुसऱ्यात करायचं असेल, तरी चालतं. नावं नंतर टॅग एडिटरमधून लावता येतात.

सगळीकडे नकार आला तर सीडीची आवृत्ती तपासा. तोच अल्बम कंपनीने पुन्हा काढला, नवं मास्टरिंग केलं किंवा दोन गाण्यांमधली जागा थोडी बदलली, तरी अनुक्रमणिका बदलते. घरी किंवा दुकानात कॉपी करून घेतलेल्या सीडींचंही हेच. बर्न करताना प्रत्येक दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची मोकळी जागा टाकली गेली असेल, तर मूळ सीडीचा क्रमांक आणि तिचा क्रमांक जुळणार नाहीत. निवडक गाण्यांची स्वतः केलेली सीडी तर कुठल्याच कोठारात नसते. अशा वेळी क्रमांक सोडा आणि अल्बमच्या नावाने शोधा. पिकार्डमध्ये फाइली उजव्या बाजूच्या अल्बमवर ओढून टाकल्या की तो ट्रॅकच्या लांबीवरून जोड्या लावतो. जोड्या बरोबर आहेत का हे डोळ्यांनी तपासूनच सेव्ह करा. एकसारख्या लांबीच्या दोन गाण्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

ज्यांनी नावांशिवाय रिप करून सीडी देऊनही टाकली, त्यांच्यासाठीही वाट आहे. संपूर्ण अल्बम फ्लॅक किंवा वेव्ह या आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये असेल तर फाइलींच्या लांबीवरून मूळ अनुक्रमणिका पुन्हा काढता येते. फूबार २००० या प्लेअरला म्युझिकब्रेन्झचा घटक जोडला की तो असा शोध घेतो. रिपरने लॉग फाइल (रिप कसं झालं याची नोंद) ठेवली असेल तर आणखी सोपं. पिकार्डच्या ताज्या आवृत्त्यांत सीडी शोधायच्या मेनूत लॉग फाइल देण्याची सोय आहे. मात्र त्या अल्बममधली एकही फाइल हरवलेली नको. तेरापैकी बाराच उरल्या असतील तर हा मार्ग बंद.

पिकार्डमधलं ‘स्कॅन’ हे बटण वेगळं काम करतं. ते गाण्याच्या आवाजाचाच ठसा काढून तो ॲकॉस्टआयडीच्या साठ्यात शोधतं. हिंदी चित्रपटगीतांना याचा बराच उपयोग होतो. मराठी भावगीतांना कमी, आणि ख्यालाला फारच कमी.

नावं मिळाली, पण फाइलमध्ये गेली नाहीत

इथे पहिला संशयित वेव्ह. आवाज अस्सल राहावा म्हणून अनेक जण वेव्हमध्ये रिप करतात. मिनिटाला सुमारे १० एमबी जागा जाते, आणि टॅगची सोय इतकी तोकडी की बरीच सॉफ्टवेअर वेव्हमध्ये टॅग लिहीतच नाहीत, लिहिलेच तर दुसरी वाचत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: वेव्ह ठेवू नका, फ्लॅक ठेवा. फ्लॅकमध्ये आवाजाचा एकही बिट कमी होत नाही, जागा वेव्हच्या निम्म्याच्या आसपास लागते आणि टॅग देवनागरीतही नीट राहतात. आधीच वेव्ह केल्या असतील तर त्या फ्लॅकमध्ये बदला आणि मग टॅग लावा. विंडोज मीडिया प्लेअर लेगसी वापरत असाल तर ऑप्शन्समधल्या ‘रिप म्युझिक’ टॅबवर फॉरमॅट बदलता येतो. विंडोज १० आणि ११ वर तिथे फ्लॅक आहे.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत बाहेरचा एन्कोडर, म्हणजे आवाजाची एमपीथ्री किंवा फ्लॅक फाइल बनवणारा प्रोग्रॅम, जोडलेला असतो, तेव्हा टॅगही त्या एन्कोडरला दिलेल्या कमांडच्या ओळीतून जातात. कुठून तरी उतरवून घेतलेल्या ओळीत शीर्षक, गायक, अल्बम यांचे भाग नसतील तर फाइल कोरीच निघणार. त्याच खिडकीत ‘ॲड आयडीथ्री टॅग’ अशी खूण असते. एमपीथ्रीसाठी ती ठीक, फ्लॅकसाठी काढून टाका. आयडीथ्री ही एमपीथ्रीची टॅगपद्धत आहे. फ्लॅकची स्वतःची वेगळी आहे, आणि फ्लॅकच्या डोक्यावर आयडीथ्री चिकटवला की काही प्लेअर ती फाइल वाजवतच नाहीत.

फाइलींची नावं बरोबर आणि टॅग कोरे, हा प्रकारही खूप दिसतो. त्याला दोन मिनिटं पुरतात. एमपीथ्रीटॅगमध्ये सगळ्या फाइली निवडा, ‘कन्व्हर्ट’ मेनूतलं ‘फाइलनेम - टॅग’ घ्या आणि नावाचा साचा द्या: आधी ट्रॅक क्रमांक, मग रेघ, मग शीर्षक. खाली नमुना दिसतो, तो पटला की ओके.

फाइलमध्ये आहेत, पण दिसत नाहीत

देवनागरीत नाव लिहिलं आणि दिसली प्रश्नचिन्हांची रांग, किंवा प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र रोमन चिन्हं. या दोन गोष्टी एक नाहीत. तीन-तीन चिन्हं दिसतात तेव्हा मजकूर शाबूत असतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत एक देवनागरी अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, आणि वाचणारा प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतोय. एमपीथ्रीटॅगच्या ॲक्शन्समध्ये कोडपेज, म्हणजे बाइट कुठल्या अक्षरपद्धतीने वाचायचे ते, बदलण्याची सोय आहे, ती आधी एखाद्या प्रतीवर करून पाहा. प्रश्नचिन्हं मात्र खरोखरची प्रश्नचिन्हं झालेली असतात. त्या टॅगमधली मूळ अक्षरं पुसली गेली आहेत. ती फाइलच्या दुसऱ्या टॅगमध्ये शाबूत नसतील तर पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही.

ही प्रश्नचिन्हं येतात कुठून? एमपीथ्री फाइलच्या शेवटी १२८ बाइटचा एक जुना टॅग असू शकतो, आयडीथ्रीची पहिली आवृत्ती. त्यात शीर्षकाला फक्त ३० अक्षरं, आणि तीही रोमनच. फाइलच्या सुरुवातीला नवा टॅग देवनागरीत नीट असतो, पण एखादा प्लेअर शेवटचा जुना वाचतो. सेटिंगमध्ये जाऊन जुना टॅग लिहिणं बंद करा आणि असलेला काढून टाका. नव्यातही दोन प्रकार चालतात: २.३ यूटीएफ-१६ सह आणि २.४ यूटीएफ-८ सह. मी २.३ ठेवतो, कारण जुनी उपकरणं तो जास्त बिनचूक वाचतात.

गाडीतल्या म्युझिक सिस्टिमवर चौकोनच दिसत असतील तर तिच्यात देवनागरी फॉन्टच नाही. तिच्यासाठी मूळ संग्रहाला हात लावू नका. पेनड्राइव्हवर वेगळी एमपीथ्री प्रत करा आणि तिथेच रोमन नावं ठेवा.

टॅग दुरुस्त करूनही प्लेअर जुनीच नावं दाखवतो, कारण त्याने आपली यादी आधीच साठवून ठेवलेली असते. लायब्ररीतून अल्बम काढा, फाइली डिस्कवर राहू द्या, आणि पुन्हा जोडा. विंडोज मीडिया प्लेअरचा आणखी एक धोका आहे. इंटरनेटवरून माहिती आणून फाइली अद्ययावत करण्याची परवानगी त्याला दिलेली असेल, तर तुम्ही मेहनतीने लावलेल्या मराठी नावांवर तो भलतीच नावं लिहू शकतो. ऑप्शन्समधल्या ‘लायब्ररी’ आणि ‘प्रायव्हसी’ या दोन्ही टॅबवरच्या त्या खुणा काढून टाका. माझा नाट्यसंगीताचा एक अख्खा संच असा बदलला होता, आणि ते मला महिन्याने कळलं.

कुठेच नसेल तर: हाताने, पण नीट

मराठी संग्रहात हा भाग सगळ्यात मोठा निघतो. आणि इथे घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. गायकाचं नाव आवाजावरून ओळखता येतं. गीतकार आणि संगीतकार मात्र सीडीच्या कव्हरवरच्या बारीक अक्षरांत असतात. कव्हर फाटलं, सीडी रद्दीत गेली, की त्या फाइलपुरतं ते नाव संपलं.

म्हणून पहिली पायरी कव्हरची. पुढचं, मागचं, आतली पुस्तिका, सगळं फोनने उजेडात सरळ धरून टिपा आणि ती चित्रं अल्बमच्याच फोल्डरमध्ये ठेवा. कडेवर छापलेला कॅटलॉग क्रमांकही यायला हवा.

मग यादी टाइप करा, पण टॅग एडिटरच्या रकान्यांत एकेक नाही. नोटपॅडमध्ये एका गाण्याला एक ओळ घ्या: क्रमांक, शीर्षक, गायक, गीतकार, संगीतकार, मध्ये उभी रेघ. फोनवर बोलून टाइप केलं तर चौदा गाण्यांना पाचेक मिनिटं लागतात. फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करा. एमपीथ्रीटॅगमध्ये फाइली ट्रॅकच्या क्रमाने लावा, ‘कन्व्हर्ट’मधून ‘टेक्स्ट फाइल - टॅग’ निवडा आणि तोच क्रम साच्यात द्या. एका फटक्यात सगळे रकाने भरतात. ओळींचा आणि फाइलींचा क्रम एकच हवा, एवढीच काळजी.

रकाने ठरवून घ्या आणि मग बदलू नका. मी असे ठेवतो: ‘आर्टिस्ट’मध्ये गायक, ‘कंपोझर’मध्ये संगीतकार, ‘लिरिसिस्ट’मध्ये गीतकार किंवा संतकवी. नाट्यपदाला ‘ग्रुपिंग’मध्ये नाटकाचं नाव. ख्यालाला शीर्षकातच राग, ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द, आणि ‘कॉमेंट’मध्ये तबला-पेटीच्या साथीदारांची नावं. साथीदारांसाठी कोणी जागा ठेवत नाही, पण त्यांना शोधणारा श्रोता असतो. ‘इयर’मध्ये सीडीचं साल टाकून फसू नका. १९६० सालचं गाणं १९९८ च्या संकलनात असतं. कव्हरवर मूळ साल नसेल तर तो रकाना रिकामा ठेवलेला बरा.

अनेक गायकांच्या संकलनात ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना भरलाच पाहिजे. तिथे ‘विविध गायक’ लिहा. तो रिकामा राहिला की एका सीडीचे चौदा अल्बम होतात, प्रत्येकात एकेक गाणं. अनेक सीडींच्या संचाला ‘डिस्क नंबर’ द्या. नाहीतर पहिल्या सीडीचा ट्रॅक १ संपला की दुसऱ्या सीडीचा ट्रॅक १ सुरू होतो.

नावाचं एकच रूप ठरवा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे संगणकाला तीन गायक. देवनागरीत याहून फसवी गोष्ट आहे: दिसायला हुबेहूब, पण आतून वेगळं. ‘वाऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, ‘ॲ’ हे अक्षर एकसंधही असतं आणि अ वर चंद्र देऊनही बनतं. फोनवर टाइप केलेलं आणि संगणकावर टाइप केलेलं नाव डोळ्यांना सारखं दिसतं, शोधात मात्र एकच सापडतं. एखाद्या गायकाची निम्मी गाणी गायब वाटली तर नाव एका फाइलमधून कॉपी करून सगळ्यांत चिकटवा. दोष तिथेच होता हे लगेच कळेल.

भरलेली यादी कोठारात द्या

एवढं टाइप केलं आहेच, तर अजून दहा मिनिटं द्या. म्युझिकब्रेन्झवर खातं उघडा, नवा अल्बम जोडा, भाषा मराठी आणि लिपी देवनागरी निवडा. गाण्यांची यादी तिथल्या ट्रॅक-पार्सरमध्ये एकदम चिकटवता येते. कॅटलॉग क्रमांक आणि कव्हरची चित्रंही द्या. मग सीडी ड्राइव्हमध्ये ठेवून पिकार्डमधलं ‘लुकअप सीडी’ दाबा. सापडली नाही असं म्हणेल आणि ओळखक्रमांक नोंदवायचा का विचारेल. तुम्ही आत्ताच जोडलेला अल्बम निवडून तो क्रमांक त्याला बांधून टाका.

सीडी बाहेर काढा, पुन्हा घाला, पुन्हा शोध घ्या. ‘ट्रॅक ०१’ च्या जागी गाण्याचं नाव देवनागरीत येईल, आणि तीच आवृत्ती ज्याच्या ज्याच्या घरी आहे त्यांच्याकडेही येईल.